मोफत ‘ट्रायल’ देणाऱ्या एनर्जी ड्रिंकवर विश्वास ठेवावा का?

वृंदा_कराड

नमस्कार. माझा भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहतो आणि पहाटे इथल्या एका अकॅडमीत मैदानाला जातो. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला असल्यामुळे या मुलांचे सगळे लक्ष वेळेतले काही सेकंद कसे वाचतील याकडे लागलेले असते, आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरातवाल्यांना ठाऊक आहे, असे मला वाटते. गेल्या काही महिन्यांपासून तो आणि त्याचे मित्र धावण्याआधी वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली पितात. त्याबद्दल मी फारशी कुरकुर केली नव्हती, कारण ती बाटली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळते आणि तिची जाहिरात क्रिकेटच्या प्रत्येक सामन्यात दिसते.

आता मात्र त्याने मोबाइलवर एका वेगळ्याच पेयाची जाहिरात पाहिली आहे. पाण्यात मिसळून घ्यायची ती पावडर आहे. ‘अर्ध्या तासात स्टॅमिना दुप्पट’, ‘लाखो तरुणांचा विश्वास’, ‘पहिली दहा पाकिटे मोफत, फक्त ४९ रुपये पोहोच खर्च’ असा एकंदर मजकूर असून एक ओळखीचा वाटणारा खेळाडू ते पेय पिताना दाखवला आहे. पानाच्या वरच्या बाजूला ‘ऑफर संपायला १४ मिनिटे’ असे घड्याळ उलटे धावत असते. पोहोच खर्च यूपीआयने किंवा कार्डानेच भरायचा आहे आणि त्यासाठी तो माझा फोन मागत आहे. ‘आत्या, ४९ रुपये गेले तर गेले’ हे त्याचे म्हणणे, आणि त्यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

या पेयांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि असली मोफत ट्रायल घेण्यात खरोखर ४९ रुपयांपलीकडे काही धोका आहे का, हे जाणकारांनी सांगावे. त्याला नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही, कारण सांगावे लागेल.

लेबलवाचक

वृंदाताई, मी शीतपेयांच्या गुणवत्ता तपासणीत बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे पेयापुरते सांगतो. पैशांचे व्यवहार जाणणारे इतर सदस्य इथे आहेत.

दुकानातली बाटली आणि मोबाइलवरची पावडर यांचा विचार आपण एकत्र करू नये. दुकानात मिळणारी एनर्जी ड्रिंक आपल्याकडे ‘कॅफिनयुक्त पेय’ या वर्गात मोडतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, त्यांच्यासाठी मर्यादा ठरवून दिली आहे. एका लिटरमध्ये कॅफिन १४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको आणि ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम कॅफिन असू शकते, जे साधारणपणे एका चांगल्या कडक कॉफीच्या कपाएवढे होते. त्या बाटलीत जाहिरातीत दिसते तशी वीज वगैरे काही नसते. कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसीनचे, म्हणजे थकल्याची जाणीव करून देणाऱ्या रसायनाचे, काम अडवते आणि थकव्याची जाणीव काही काळ दाबून टाकते. थकवा तिथेच असतो, तो कळत नाही एवढेच.

खऱ्या अर्थाने ज्याला ऊर्जा म्हणता येईल ती साखरेतून येते. परदेशात विकल्या जाणाऱ्या रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या साध्या डब्यात ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि २७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे एका डब्यातच हा दुसरा आकडा ओलांडला जातो. आपल्याकडच्या बाटलीवर साखर ‘प्रति १०० मिलि’ अशी छापलेली असते. तो आकडा अडीचने गुणायचा असतो आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. टॉरिन, बी-१२ वगैरे नावे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतात, परंतु टॉरिन शरीर स्वतःच तयार करते आणि बी-१२ ची कमतरता नसलेल्या माणसाला ते जास्त दिल्याने तो जास्त जोरात धावत नाही.

त्याच बाटलीवर, सहसा वळणाच्या जागी आणि डोळे बारीक करूनच वाचता येईल अशा अक्षरांत, कॅफिनचे प्रमाण जास्त असल्याचा उल्लेख असतो. लहान मुले, गरोदर किंवा स्तनदा माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्तींसाठी हे पेय योग्य नाही, तसेच दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, हेही तिथे छापणे बंधनकारक आहे. भाच्याला आज संध्याकाळी ही ओळ मोठ्याने वाचायला सांगा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या सरावाआधी प्यायलेली बाटली रात्रीच्या झोपेत हात घालते आणि पहाटे चारला उठणाऱ्या मुलाला ते परवडणारे नाही. सांगायचे ते एवढेच की दुकानातली बाटली विष नाही आणि अमृतही नाही. तिच्यात काय आहे ते छापलेले असते, म्हणून तिच्याविषयी निर्णय तरी घेता येतो.

पावडरीबाबत हेच म्हणता येत नाही. पाकिटाच्या किंवा जाहिरातीतल्या डब्याच्या चित्रावर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का, ते पाहा. असल्यास ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की मुदत संपलेला आहे, हे तपासता येते. घटकांच्या यादीत ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून आत दहा नावे कोंबली असतील आणि प्रत्येकाचे मिलिग्रॅम दिले नसतील, तर त्यात कॅफिन किती हे विकणाऱ्यालाच ठाऊक. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी, कारण इथे अनेक सुशिक्षित लोकही गोंधळतात: परवाना असणे म्हणजे जाहिरातीतला दावा सरकारने तपासून मान्य केला, असे मुळीच नव्हे. परवाना अन्नपदार्थ बनवण्या-विकण्याचा असतो, ‘स्टॅमिना दुप्पट’ होण्याचा नसतो.

मैदानकरी

मी भरतीच्या मुलांना धावायला शिकवतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. कॅफिनने धावण्यात फरक पडतच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यास दमसासाच्या खेळात थोडा फायदा होतो, हे क्रीडाशास्त्राने मान्य केलेले आहे, आणि २००४ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही नाही. परंतु ६० किलोच्या मुलासाठी हे प्रमाण १८० मिलिग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे त्याला त्या वीस रुपयांच्या अडीच-तीन बाटल्या लागतील. दिवसाला दोन बाटल्यांची मर्यादा तिथेच मोडते, आणि एवढी साखर पोटात घेऊन तो पहिल्याच फेरीत कूस धरून उभा राहील. ज्याच्या वेळेत तीस सेकंदांची कसर आहे त्याची ती कसर आठवड्याचे सराव-नियोजन, झोप आणि पोटभर जेवण यांनीच भरून निघते.

मला खरी भीती वेगळीच आहे. भरतीच्या आदल्या रात्री ही मुले मैदानाबाहेर पेपर अंथरून झोपतात, सकाळी रिकाम्या पोटी रांगेत उभी राहतात आणि नेमक्या त्या दिवशी कोणीतरी दिलेले, आधी कधीही न घेतलेले काहीतरी पितात. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्याबद्दल उकाड्यापासून उत्तेजकांच्या संशयापर्यंत निरनिराळी कारणे पुढे आली. ज्याच्यातले प्रमाण माहीत नाही अशी पावडर उन्हात धावणाऱ्या मुलाला देऊ नये, एवढे समजायला मला चौकशी अहवालाची गरज वाटत नाही.

जाता जाता, घाम फार जात असेल तर औषधाच्या दुकानातली खरी ओआरएसची पुडी आणावी. नावात ‘ओआरएस’ घालून गोड पेये विकण्याचा उद्योगही वर्षानुवर्षे चालला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने तो शब्द पेयांच्या नावातून काढायला लावला.

पासबुक

लेबलवाचक यांनी पेय सोडवले; मी ४९ रुपयांकडे वळतो. मी बँकेत तक्रार निवारणाच्या टेबलावर बसतो आणि या प्रकारची माणसे समोर येतात ती नेहमी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतात, पहिल्या महिन्यात नव्हे.

वृंदाताई, ‘४९ रुपये गेले तर गेले’ हे भाच्याचे वाक्य त्या विक्रेत्याने अपेक्षिलेलेच आहे. ४९ रुपयांत त्याचे दुकान चालत नाही. अशा योजनांमध्ये पैसे भरताना जी परवानगी आपल्याकडून घेतली जाते ती पुष्कळदा एका वेळेच्या व्यवहाराची नसून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची असते. यूपीआयच्या पडद्यावर वर ठळक ‘₹४९’ दिसते आणि खाली फिकट अक्षरांत ‘कमाल रक्कम ₹१,९९९’, ‘वारंवारिता: मासिक’ किंवा ‘ॲज प्रेझेंटेड’ आणि कित्येक वर्षांनंतरची एखादी ‘वैधता’ तारीख असते. ‘ॲज प्रेझेंटेड’ म्हणजे विक्रेता मागेल तेव्हा. पिन टाकायच्या आधी या तीन गोष्टी वाचल्या तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पडद्यावर ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ (आपोआप वसुलीची परवानगी) हा शब्द दिसला की मोफत हा शब्द आपल्यापुरता संपला असे समजावे.

रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, परंतु ते वापरावे लागतात. अशा स्वयंचलित वसुलीची नोंदणी करताना ओटीपी किंवा पिन लागतो आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्यानंतरच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यांना मात्र पुन्हा ओटीपी लागत नाही. ती सूचना येते, पण कर्जाच्या आणि रमीच्या जाहिरातींच्या पन्नास संदेशांमध्ये ती कोण वाचतो? आणि मग माणूस बँकेत येऊन म्हणतो की माझ्या परवानगीशिवाय पैसे गेले. बँकेच्या दृष्टीने परवानगी दिलेली असते. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही, हा नियम चोरीसाठी आहे. स्वतः पिन टाकून दिलेल्या मँडेटवर तो लावून घेताना फार दमछाक होते. विक्रेता परदेशातला असेल आणि कार्ड वापरले असेल, तर प्रकरण आणखी बिकट होते, कारण परदेशी संकेतस्थळे अनेकदा ओटीपी न मागताच कार्डावरून रक्कम उचलू शकतात. कार्डाच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवण्याची सोय आहे, ती गरज नसताना चालू ठेवू नये.

ज्यांनी आधीच अशी परवानगी दिली असेल त्यांनी यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन ती रद्द करावी. त्यासाठी विक्रेत्याच्या ‘ग्राहक सेवे’ला फोन करण्याची गरज नसते, किंबहुना करूच नये, तिथे रद्द करण्याच्या नावाखाली आणखी एक क्यूआर कोड पाठवला जातो.

स्पष्टबोल्या

चर्चा जरा एकांगी होत आहे असे नम्रपणे सुचवतो. मोफत नमुना देणे ही व्यापारातली जुनी रीत आहे. वर्तमानपत्रातून शॅम्पूची पुडी येत असे तेव्हा कोणी खाते तपासत बसले नव्हते. तसेच ज्या कंपनीने जाहिरातीवर कोट्यवधी रुपये ओतले आहेत तिला आपले नाव खराब होऊ देणे परवडत नाही, म्हणून मोठी जाहिरात हा विश्वासाचा एक पुरावा मानायला काय हरकत आहे?

ग्राहकवकील

स्पष्टबोल्या, शॅम्पूच्या पुडीने आपला खाते क्रमांक मागितला नव्हता, एवढा एकच फरक आहे आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि वस्तू घेण्याचा किंवा पोहोचवण्याचा खर्च यांपलीकडे ग्राहकाला काहीही भरावे लागत असेल, तर ती वस्तू ‘मोफत’ म्हणून जाहीर करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. मोफत सदस्यत्वासाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी सक्तीने घेणे हे त्यांपैकी ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये येते, आणि वृंदाताईंनी वर्णन केलेले उलटे धावणारे घड्याळ खोटे असेल तर ती खोटी घाई निर्माण करण्याची युक्ती हाही स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे जुनी रीत वगैरे काही नाही, कायद्याने नाव देऊन अडवलेली गोष्ट आहे.

मोठ्या जाहिरातीच्या पुराव्याबद्दल बोलायचे तर अनुभव मिश्र आहे. रेड बुलइतकी जाहिरात करणारी पेये जगात थोडीच असतील, तरीही त्यांच्या दाव्यांवर अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. साध्या कॉफीपेक्षा या पेयाचा अधिक फायदा होतो असे भासवले जाते, अशी तक्रार होती. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता १.३ कोटी डॉलरवर तडजोड केली. ‘फाइव्ह अवर एनर्जी’ या छोट्या बाटलीच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याचे वॉशिंग्टन राज्यातील न्यायालयाने ठरवले आणि २०१७ मध्ये दंड व खर्चापोटी सुमारे ४३ लाख डॉलर भरायला लावले. या कंपन्या अस्सल होत्या, त्यांची पेयेही बाजारात राहिली, फक्त जाहिरातीतले म्हणणे खरे नव्हते किंवा सिद्ध करता आले नाही. प्रसिद्ध कंपनीकडून बाटलीत भेसळ होण्याची शक्यता कमी, इथपर्यंत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. त्यापुढे नाही.

वृंदाताई, भाच्याच्या वयाच्या मुलांसाठी आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, कारण मोफत पाकिटांनंतर तो बहुधा येतोच. अमेरिकेत व्हेमा नावाच्या कंपनीने ‘व्हर्व्ह’ हे एनर्जी ड्रिंक महाविद्यालयीन मुलांमार्फत विकले. मुलांना पेयापेक्षा पुढची मुले जोडण्यात कमाई दिसत होती. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने २०१५ मध्ये ही पिरॅमिड योजना असल्याचे सांगून न्यायालयात धाव घेतली आणि पुढच्या वर्षी कंपनीला तो धंद्याचा ढाचा सोडावा लागला. आपल्याकडे थेट विक्रीबाबतच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना आणि प्रवेश शुल्काला मनाई केली आहे, तरी अकॅडमीच्या वसतिगृहात ‘चार मुले जोड, तुझा डबा फुकट’ असे सांगणारा कोणी दादा भेटला तर भाच्याने ओळखावे.

तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि जाहिरातीतल्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड करू शकते.

वृंदा_कराड

सर्वांचे मनापासून आभार. लेबलवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे बाटलीवरचा मजकूर भाच्याकडूनच वाचून घेतला. साखरेचा आकडा अडीचने गुणल्यावर त्याने बाटली फिरवून पुन्हा वाचली. रोजची बाटली सोडण्याचे त्याने कबूल केलेले नाही, पण संध्याकाळी घेणार नाही असे म्हणाला आहे आणि सध्या मी तेवढ्यावर थांबले आहे.

पावडरीचे पान आम्ही दोघांनी मिळून पाहिले. घड्याळ शून्यावर येऊन गेले आणि पान पुन्हा उघडताच ते परत १४ मिनिटांवर आले. परवाना क्रमांक कुठेच नाही, पत्ता नाही, आणि अटींच्या अगदी खालच्या परिच्छेदात ट्रायलनंतर ‘मासिक पॅक’ आपोआप पाठवला जाईल असे इंग्रजीत लिहिले आहे. पैसे भरलेले नाहीत. मात्र भाच्याने आधीच एका फॉर्ममध्ये नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक भरून टाकला होता. त्याचे आता काय करावे?

पासबुक

त्या माहितीवरून खात्यातून पैसे जात नाहीत, निर्धास्त राहा. परंतु ‘ऑर्डर कन्फर्म’ करण्यासाठी फोन येईल. त्या वेळी ओटीपी सांगू नये आणि आलेली लिंक उघडू नये. तरीही आठवड्याभरात कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल दारात येऊ शकते आणि त्यावर हजार-पंधराशेची रक्कम असू शकते. घरात जो कोणी असेल त्याला आजच सांगून ठेवा की मागवलेले नाही असे म्हणून ते परत पाठवायचे. पोहोचवणारा मुलगा तगादा लावेल, पण न मागवलेल्या पार्सलचे पैसे देण्याचे बंधन कोणावरही नाही. त्या पानाचे आणि अटींच्या परिच्छेदाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण अशी पाने फार दिवस टिकत नाहीत आणि १९१५ वर तक्रार नोंदवताना तेच लागतील.